रकाना नववा

रात्रपाळी. अडीच वाजता शेवटचं फ्रॅक्चर
ट्रॉलीवरून वर ऑर्थोला गेलं
आणि मी ड्रॉवरमधून अर्ज काढला.
पद: वरिष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ.
रकाना नववा: शैक्षणिक अर्हता, चढत्या क्रमाने.

बारावी सायन्स, विक्रोळी.
डिप्लोमा, बाबांच्या पी.एफ.मधून.
पदवी नंतर, नोकरी सांभाळून;
धाकटी पोटात होती तेव्हा मला एमआरआयला टाकलं,
तिथे किरण नसतात, म्हणून ते शिकले.
सीटीचं प्रमाणपत्र. किरण-सुरक्षेची परीक्षा,
दुसऱ्या खेपेला.
आता सगळे म्हणतात, मास्टर्स कर,
शिकवायला जाशील, नाहीतर जन्मभर बटण.

खाली दोन ओळींची जागा उरली.
तिथे मला लिहावंसं वाटलं: घाडीगावकर.

भिवा घाडीगावकर, डार्करूम असिस्टंट.
लागला तेव्हा तेच, सुटला तेव्हा तेच.
सातवी पास, देवगडकडचा, बिऱ्हाड भोईवाड्यात.
लाल दिव्याच्या खोलीत एकतीस वर्षं
फिल्म हँगरला लावून टाकीत सोडायचा
आणि घड्याळाकडे न बघता वर काढायचा.
पाणी निथळत असतानाच सांगायचा,
"उजव्या वरच्या कोनाक बघ गो, धूर आसा."
रिपोर्ट दोन दिवसांनी यायचा.
धूरच असायचा.

बोटं हायपोने तपकिरी, हातांना आंबट वास;
डब्यातला भात तो चमच्याने खायचा.
महिन्याला भुलेश्वरहून एक माणूस यायचा
वापरलेल्या हायपोतली चांदी काढायला.
घाडीगावकर कॅन मोजून द्यायचा, पावती घ्यायचा,
म्हणायचा, "माझ्या सांडपाण्याक पण भाव आसा, बघ."

माझ्या छातीवर बॅज. तीन महिन्यांनी मोजायला जातो.
त्याला नव्हता.
कागदोपत्री तो किरणांच्या जवळ नव्हताच.
थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना, रडणाऱ्या पोरांना धरायला
तो कितीदा आत उभा राहिला,
त्याला रकाना नाही.

मग डिजिटल आलं. टाक्या भंगारात.
त्याला रेकॉर्डरूममध्ये बसवलं, चार ट्यूबलाइटींखाली,
तर दिवसभर डोळे पुसायचा.
आम्हाला वाटलं रडतो.
उजेड टोचत होता, एवढंच.

गेल्या मंगळवारी चेस्टची रांग, शेहेचाळीस नंबर.
केसपेपरवरचं आडनाव वाचून मी मान वर केली.
सदरा काढलेला. बरगड्या मोजायला मशीन नको.
ओळख न दाखवता स्टँडला जाऊन चिकटला,
हनुवटी वर, हात कमरेवर.
मी काचेमागे गेले, बटण अर्धं दाबलं,
ट्यूब आत घुमायला लागली,
आणि मी "श्वास घ्या, रोखा" म्हणायच्या आत
त्याने रोखलेला होता.

भिंतीपलीकडून एकतीस वर्षं ऐकलेला आवाज.

फोटो स्क्रीनवर आला. तो सदरा घालत घालत
काचेमागे येऊन उभा राहिला,
इथे रुग्णांना परवानगी नाही, हे त्यानेच मला शिकवलेलं.
मी स्क्रीनच्या मध्ये यायला बघितलं.
"सर गो बाजूक."
बराच वेळ बघितलं त्याने.
"खांद्याची हाडां फुफ्फुसावर इली.
खांदे फुडे घेवक सांगूक नाय तू. इसारलंस?"
मुद्दाम मागे ठेवले होते. परीक्षकासारखे.

उजव्या वरच्या कोपऱ्याबद्दल
तो काही बोलला नाही.
मीही नाही.

"परत घेऊया?" मी विचारलं.
"कित्याक? दिसता तां दिसताच हा."
आणि केसपेपर घडी करून खिशात घालत
दारातून बाहेर, रांगेच्या उलट्या बाजूने.

सत्तेचाळीस नंबर आत आला, कुठलासा टॅक्सीवाला.
तो स्टँडला टेकायच्या आधीच
मी ओरडले, "खांदे पुढे!"
एवढ्या जोरात
की तो दचकून मागे सरकला.