ग्यिर्त्सची शेवटची ट्राम

लिएपायात ट्रामचा एकच मार्ग आहे
आणि समुद्रावरून येणारं वारं, जे तिकीट काढत नाही.
डेपोच्या वरच्या खोलीत मी, स्काइद्रीते,
एकोणीस वर्षं चालकांच्या पाळ्या लावते.

ग्यिर्त्सच्या नावातलं पहिलं अक्षर म्हणजे ग,
आणि त्याच्या पायाशी इवलासा स्वल्पविराम.
आमच्या पोरांना तो पहिलीत येतो.
भाड्याच्या प्रोग्रॅमला कधीच आला नाही.
स्वल्पविराम दिसला की तो बिचकायचा
आणि ग्यिर्त्सला उचलून
यादीच्या तळाशी टाकायचा, झेडच्याही खाली.
तळाशी म्हणजे रात्रीची शेवटची ट्राम.
अकरा हिवाळे.
"माझी मुलगी झोपेतच मोठी झाली," म्हणायचा, हसत.

कंपनीला मी तीन पत्रं लिहिली.
उत्तर आलं: पुढच्या आवृत्तीत पाहू.
पुढची आवृत्ती विकत घ्यावी लागेल.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि ते सव्वा लाख दर वर्षी भरायचो आम्ही.

मग भाचा राइतिस एक डिस्क ठेवून गेला.
"फुकट आहे," म्हणाला. मी नाक मुरडलं.
फुकटच्या माशाला वास येतो
हे बंदरावरच्या बाईला कुणी शिकवावं?

पण त्याच रात्री!
कशावरही बोट ठेवा, ते विचारायचं: आत बघायचंय?
घड्याळ उघडलं, चालू असतानाच.
काटा फिरत होता आणि मी त्याच्या बरगड्या मोजत होते.
खिडकी उघडली, मग तिची चौकट,
मग चौकट काढणारा, मग जो उघडून दाखवत होता
त्यालाच उघडलं,
तोही लाजला नाही.
चहा तीनदा गार झाला.
चोपन्न वर्षांची बाई मी,
आत्याच्या कपाटात शिरलेल्या पोरासारखी
एकेक खण ओढत बसले.

मग परवाना वाचला. परवाने कोण वाचतं?
मी वाचला, मोठ्याने, रिकाम्या खोलीत.
वापर. उघड. बदल. वाट.
वाटशील तेव्हा पुढच्याच्या तोंडावर दार लावू नकोस.
आणि शेवटी: याची कसलीही हमी नाही.
इतकं खरं मला कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं,
लग्नातसुद्धा.

नावांचा क्रम लावणारा भाग चौथ्या रात्री सापडला.
चाळीस ओळी, आणि वर कुणाची तरी टीप:
"ही वर्णमाला मला येत नाही.
ज्यांना येते त्यांनी कृपया दुरुस्त करावं."
म्हणजे मी.
कुणीतरी, कुठेतरी,
रुमाल टाकून माझी जागा धरून ठेवली होती.

सात ओळी लिहिल्या. पाठवल्या.
दोन दिवसांनी मोन्तेविदेओहून इरिनेओ नावाच्या कुणाचं उत्तर:
"घेतलं. तुमचं नाव यादीत घातलंय,
बघा बरं, योग्य जागी आहे ना?"

सोमवारी ग्यिर्त्स सहाला घरी गेला.
घाईत टोपी इथेच विसरला.

मंगळवारी झागार्स जिना दणाणत वर आला.
त्याचं पहिलं अक्षर म्हणजे
आमच्या वर्णमालेतलं खरंखुरं शेवटचं.
"तुझी वर्णमाला बरोबर असेल, बाई,
पण रात्री एकची थंडी आता माझ्या गुडघ्यांत."
काय बोलणार? हमी नव्हतीच.
खुर्ची सरकवली. म्हटलं, बस. हे उघड.

त्याने हातमोजे काढले.
ग्रीस मुरलेली बोटं, एकेक कळ शोधत,
शिव्या देत, आणि एकदा चक्क शीळ घालत.
मार्च उजाडला.

आता शेवटची ट्राम नावानावाने फिरते.
तिच्यासाठी डेपोत कुणीतरी जागं लागतं,
झागार्सने तेही यादीत घेतलंय.
या आठवड्यात तळाशी नाव आहे: स्काइद्रीते.

दीड वाजलाय. खाली रूळ गोठलेत.
ती ओळ कुठे आहे मला ठाऊक आहे,
एका मिनिटात बदलता येईल.
किटली ठेवते.