गळ्याच्या गाठी

नंदुरबार. चौथा तास. खिडकीबाहेर पथारी,
नजर पोचेल तिथवर वाळत घातलेली मिरची.
वारा इकडचा असला
की राज्यशास्त्राला ठसका लागतो.

आज सांगत होतो : चारशे वर्षांमागे
फ्रान्सात, इंग्लंडात
गळ्याला गाठी आलेली माणसं रांग लावायची,
राजा एकेकाच्या मानेला हात लावायचा
आणि गाठ विरायची, म्हणे.
कारण राजा देवानं नेमलेला.
जाब द्यायचा तो देवाला, माणसाला नाही.
फळ्यावर लिहिलं, दैवी अधिकार.

मागच्या बाकावरून मोगी वळवी :
"सर, आणि नाही बरं झालं तर?"

मी म्हणालो, मग रोग्याचीच श्रद्धा कमी पडली
असं धरत असावेत.
कुणी हसलं नाही.

मोगीचे हात कायम बाकाखाली.
पहाटे ती देठ खुडते, किलोवर मजुरी.
धाकट्या भावाला कुरवाळते
ते मनगटाच्या मागच्या बाजूनं.

घाईघाईत करारावर आलो.
भ्यालेली माणसं एकत्र जमली, म्हणाली,
आमच्या साऱ्यांच्या तलवारी तुझ्याकडे ठेव,
बदल्यात रात्रीची झोप दे.
कुठल्या गावी, कोण साक्षीदार,
सह्या कुणाच्या, नोंद नाही.
माझ्या कराराची आहे. दर जुलैत,
तासिका तत्त्वावर,
'कोणतेही कारण न देता संपुष्टात'.

राजाला देह दोन, असंही मानत तेव्हा :
एक मरतो, दुसरा मरत नाही.
हा दुसरा समजावताना मी अडखळतो दरवर्षी.
धुडकू शिपाई फडकं झटकत दारात उभा होता,
म्हणाला, "सर, मी खुर्ची पुसस.
साहेब बदलतस."

घंटा झाली.
उद्या त्यातल्या एका राजाचं डोकं उडवायचंय,
अभ्यासक्रमात चार ओळी आहेत त्याला.

रात्री वह्या तपासायला घेतल्या.
मोगीचं उत्तर नीटनेटकं, मुद्देसूद,
आणि समासात, पेन्सिलीनं, पुसट :
रांगेत राजा कधी उभा राहिला होता का?

गुण कुठे द्यायचे कळेना.
पान उलटलं, मग पुन्हा मागे आलो,
आणि सवयीनं डोळे चोळले.

बराच वेळ नळाखाली उभा होतो.