दिवा न लावण्याच्या अटीवर

भिशी लागली मार्गशीर्षात. नऊ हजार सहाशे.
कुमुदवन्सं म्हणाल्या, घरात राहिले तर
त्यांचा गिझर होईल. चल कुठेतरी.
दोघींनी मिळून एकच समुद्र पाहिला होता,
तोही गणपतीपुळ्याच्या रांगेतून, तिरका.

मिरजेहून निघतानाच ठरलं:
हजाराच्या आत. दारातून पाणी दिसायला हवं.
आणि माणसं नकोत,
निदान 'कोण तुम्ही एकमेकींच्या' विचारणारी नकोत.

पाळोळेला साडेतीन हजार, नाश्ता धरून.
आम्ही म्हटलं, नाश्ता काढा.
नाश्ता निघाला, तीनशे उतरले,
आम्हीही निघालो.
आगोंदला एकानं गच्चीवर नेलं,
मग शिडी लावून पाण्याच्या टाकीवर चढवलं.
'दिसला?'
दिसला. नखाच्या कडेएवढा.
'ह्याचेच बाराशे,' तो खालून म्हणाला,
शिडी धरून.

चावडीवरचा रिक्षावाला सांतान,
मागे न बघता त्यानं विचारलं,
'तुमकां दर्या जाय काय रूम?'
वन्सं म्हणाल्या, दर्या.
मी म्हटलं, रूम.
त्यानं रिक्षा गालजीबागेकडे घातली.

इकडे तळपण नदी, तिकडे गालजीबागची,
पुढे समुद्र; मधला तुकडा बेटच म्हणायचा,
फक्त कुणी अजून तसा बोर्ड लावला नव्हता.
सुरूंची एवढी दाटी
की वारा आधी ऐकू येतो, मग लागतो.
शेवटचं घर चिऱ्याचं, गिलावा कमरेपर्यंत.
पायरीवर फाटकं जाळं सांधत बसलेली सुलक्षा पागी.
सातशे. जेवण निराळं. मासे मिळाले तर मासे.
खाटा दोन, बादली एक, खिडकी एक,
आणि खिडकीत अख्खा समुद्र,
कुठेही न दुमडलेला.

एवढं स्वस्त का?
(स्वस्तात काहीतरी असतंच, आम्ही लग्नाच्या साड्यांपासून शिकलोय.)
तिनं खिळ्यावरचं काळं कापड दाखवलं.
'सांज जाली की हो पडदो सोडपाचो. दिवो लावपाचो ना.
कांसव येता. उजवाड पळोवन वाट चुकता.'
मोबाईलसुद्धा उशीखाली.
म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही.
अंधाराचे पैसे कोण देतं?

पहिल्या रात्री बसलो तशाच,
समुद्रासाठी एवढ्या लांब आलेल्या दोन बायका
समुद्राकडे पडदा सोडून.
वन्संना हसू आवरेना, मला त्यांचं हसू.
ते ओसरलं तेव्हा तो आत आला,
नुसत्या आवाजानं; आधी उंबऱ्यापाशी,
मग खाटेखाली,
मग कुठून येतोय हे बघायचं कारणच उरलं नाही.

बावीस वर्षं एका ओट्यापाशी
आम्ही मीठ कमी, मीठ जास्त, एवढंच बोललो होतो.
त्या रात्री वन्संनी एक नाव घेतलं.
सांगली स्टँड, अठ्ठ्याऐंशी साल, फलाट चार.
मी विचारलं नाही पुढे काय झालं.
पुढचं सगळं आमच्याच घरात झालेलं.
तोंड दिसत नव्हतं, हे बरं होतं,
तिचंही, माझंही.
मीही एक सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

चार रात्री कासव आलं नाही.
सुलक्षा पहाटे वाळू बघून परत यायची,
दुरूनच हात हलवायची: ना,
आणि चहा ठेवताना अशी गप्प
की जणू शब्द तिनंच दिला होता.
निघताना हिशेबातून पन्नास तिनं परत केले.
आम्ही नको म्हटलं.
तिनं वन्संच्या पिशवीत कोंबले.
वन्संनी ते सांतानला दिले, त्यानं घेतले.

घरी पोचलो रात्री साडेअकराला.
चपला काढता काढता माझा हात
सवयीनं बटणाकडे गेला.
वन्सं म्हणाल्या, राहू दे जरा.
आम्ही उभ्या राहिलो,
शेजारच्या पंपाची घरघर ऐकत.