उम्म अल-सिद्र : मोजणीच्या नोंदी

गावात शिरताना पहिली खूण म्हणजे बोर.
सिद्र म्हणतात इथे. काटे तेच,
फळंही तीच, आंबूस, धुळकट.
गावाला नाव हिचंच, खल्फान सांगतो.
मी रकान्यात लिहिते : वृक्ष, एक. जिवंत.

मग बुरूज. उंची सव्वाआठ मीटर.
समुद्रावरून कोण येतंय ते दिसावं म्हणून बांधला,
आणि शेवटी त्यानं पाहिलं ते जाणाऱ्यांनाच :
एका हिवाळ्यात अख्खं गाव ट्रकांत बसून
सरकारी घरांकडे गेलं, नळाच्या पाण्याकडे.
शेळ्या दोनदा परत आल्या.

मशीद, मिनाराविना. भिंती प्रवाळाच्या.
टेप धरली की बोटांना मीठ लागतं.

विहीर. खारट.
"आधी गोड होती," खल्फान म्हणतो,
"की आमच्या जिभाच तशा होत्या, कोण जाणे."
त्याचा आजा एका दमात बारा वाव खाली जायचा,
नाकाला शिंगाचा चिमटा, पायाला धोंडा.
वर आला की मोत्याचं कुणी विचारायच्या आत
पाणी मागायचा.
हे कुठल्याच रकान्यात बसेना.
समासात लिहिलं.

आणि मोतीवाल्याचं घर.
भाव बुडाले तसा तोही बुडाला,
छप्पर मागाहून बसलं.
दार मात्र उभं. सागवानी.
"मिन अल-हिंद," खल्फान म्हणतो. तुमच्याकडचं.
मी नुसती मान हलवते. इथे तांदूळ तिकडचा,
कापड तिकडचं, मोजायला आलेली मीही.

चौकटीचा सांधा उकललेला. फुंकर मारली.
आत, कुणाला कधी दिसू नये अशा जागी,
पटाशीनं कोरलेलं :
डा. ३

डावी, तिसरी.
सुटं करून गलबतात चढवण्याआधी
कोकणातल्या कुणा सुतारानं
पैलतीरी जोडणाऱ्यासाठी ठेवलेली खूण.
आणि ती उजव्या बाहीवर.
तीही उलटी, डोक्यावर उभी.

खल्फानला सांगितलं.
तो इतका हसला की खाली बसला.
"हे दार जन्मभर अडायचं!
लोक म्हणायचे, घरात जिन आहे.
दोनदा मुल्ला आणला."

मग उठला, हात झटकले,
खांदा लावला दाराला.
"असं. आधी जरा उचलायचं,
मग ढकलायचं.
सगळ्या गावाला माहीत होतं."