सातव्या खांबापाशी सोपो

इतिवृत्त मी लिहितो, म्हणून मला ठाऊक आहे
की ठरावात जे येत नाही
तेच सभेत जास्त वेळ चालतं.
पंखा, उदाहरणार्थ.
किंवा पलीकडच्या सरपंचबाईंना
कुठल्या खुर्चीत बसवायचं.

कुडचड्याची पालिका आणि सावर्ड्याची पंचायत
एकाच टेबलाला कोपरं टेकून बसली,
हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.
मधे झुआरी. खनिज चालू होतं तेव्हा
दोन्ही काठांना एकमेकांची गरज नव्हती,
तांबडी धूळ दोघांनाही पुरून उरत होती.

मग ट्रक थांबले.
आधी टायरवाल्याचं शटर, मग चहाचा गाडा,
मग बँकेची माणसं, हळू आवाजात.
माझ्या थोरल्या भावाचा टिपर अंगणात उभा आहे.
त्याच्या हौद्यात वहिनीने माती भरून
तेरं लावलं. तुम्ही अळू म्हणता ते.
चांगलं येतं.

विषय क्रमांक चार : जुना पूल.
अवजड वाहनांना बंद. तिथे संध्याकाळचा बाजार भरवावा
अशी सूचना श्रीमती सुगंधा वेळीप यांनी मांडली.
वहीत एवढंच आहे.
त्या म्हणाल्या ते असं :
‘गिऱ्हाईक तुमचं आटलं, माल आमचा सडतो.
पूल तेवढा दोघांचा.’
मग थोडा वेळ नुसता पंखाच बोलत होता.

खांब एक ते सहा पालिकेचे,
आठ ते तेरा पंचायतीचे.
दिवे, झाडू, पाण्याचा नळ, सगळं तसंच वाटलं.
सातवा उरला.
आणि सातव्यापाशी, कुणालाही न विचारता,
आधीपासूनच बसलेली पिएदाद कुलासो,
सुकी सुंगटं आणि सोलं घेऊन.
तिचा सोपो कुणी घ्यायचा?

सव्वा तास.
नगरसेवक उसपकरांनी जुना नकाशा मागवला.
तो इतका जुना निघाला की त्यात पूलच नव्हता.

शेवटी पिएदादलाच बोलावलं.
मिठाचे हात पदराला पुसत ती दारातच उभी राहिली.
‘दहा रुपये न्हय? पाच तुम्ही घ्या, पाच तुम्ही.
पण दिवा एकच लावा.
आणि तो पेटू दे.’

ठराव एकमताने मंजूर.

पहिल्या संध्याकाळी सतरा जण बसले.
पावतीवर दोन शिक्के, एकावर एक पडलेले,
त्यामुळे दोन्ही वाचता येत नाहीत.
भाऊ आला. बारा जुड्या, ओल्या गोणपाटात.
बसला नाही, कठड्याला टेकून उभा राहिला,
जसा पूर्वी वजनकाट्यापाशी रांगेत उभा राही.
‘किती?’ माझ्याकडे न बघता त्याने विचारलं.
मी पावती फाडली.
त्याने ती घडी घालून त्याच खिशात ठेवली
जिथे टिपरचा परवाना असायचा.

नऊ जुड्या गेल्या.
तिघांची रात्री भाजी झाली, घसा जरा खवखवला.
वहीत लिहिलं :
जमा रुपये एकशे सत्तर.
सातवा दिवा, अधूनमधून.