गूफी

बस्त्यावने मला मागून ढकललं,
न सांगता.
तोल जाताना उजवा पाय पुढे पडला,
तर म्हणाला, "गूफी आसंस गे तू."
मला वाटलं, शिवी आहे.

डावा पडला असता तर रेग्युलर.
म्हणजे आमचा नंदन, पाग टाकणारा जानू,
शाळेच्या रांगेतले जवळपास सगळे.
शिवी असली तरी ठेवून घ्यायची,
मी तेव्हाच ठरवलं.

मोचेमाडच्या खाडीच्या तोंडाशी
अर्ध्या माडाएवढा वाळूचा टेंब आहे.
एका अंगाला मर्यादवेल, तिथे पाय द्यायचा नाही,
दुसऱ्या अंगाला नागडी वाळू.
तिथे तो फळी घेऊन आला,
नाकाशी चिरलेली, कुणा पाहुण्याने टाकलेली;
गुलमर्गच्या हॉटेलात चार हिवाळे पाव भाजून
शेवटी हिशेबात मिळालेली.
खालून तिला मेण लागतं.
आम्ही खोबरेल लावलं, वाळू चिकटली.
मग चर्चमधून मेणबत्त्यांची बुडखी आणली.
पाय बांधायला जाळ्याची दोरी.

बर्फ आम्हाला ठाऊक होता
बांगड्यांच्या खोक्यातला,
क्रशरमधून खडखडत येणारा,
रक्ताळलेला, संध्याकाळपर्यंत पाणी.
"तसो नाय," तो म्हणाला.
"पावडर म्हणजे चाळणीतसून पडणारो मैदो.
रात्रभर पडता, आवाज नाय."
आवाज न करता एवढं काही पडतं
यावर आमच्यात कुणाचाच विश्वास बसला नाही.

पहिला शब्द पडण्याचा. बेल.
देवळातली नव्हे, शंकराचाही नव्हे.
जमत नाही हे कळलं की
आपणहून सोडून द्यायचं,
मुठी आवळून, मनगटं वाचवून.
आणि कड रुतून दुनिया उलटली तर
एज पकडली म्हणतात,
पकडलेलं मात्र आपल्यालाच असतं.

टाचांच्या कडेवर जरा डावीकडे, जरा उजवीकडे
झुलत उतरायचं, ते गळतं पान.
"फणसाचा नाय हां, पिंपळाचा.
फणसाचा धप्पकन येता."

पडल्यावर टोपी इथे, गॉगल तिथे,
फळी खाडीच्या दिशेने एकटीच,
याला तिकडे यार्ड सेल म्हणतात.
तो शब्द आम्ही बदलला.
आम्ही म्हणतो लिलाव,
जेटीवर पाटी उलटली की होतो तसा.

बटर सांगताना तो थांबला नाही:
शेपटीवर भार, नाक वर, आणि गोल,
सुरी पावावरून फिरते तसं.
त्याचं मनगट आपोआप फिरलं,
एवढं सुंदर की जानू म्हणाला,
"तू करून दाखय मरे."

बस्त्याव वाळूकडे बघत राहिला.
मग म्हणाला, खिडकी होती.
भट्टीच्या मागे, एवढीशी, वाफ धरलेली.
पुसायचो नि बघायचो.
शब्द आले ते टेबलांवरून,
उष्ट्या ताटांबरोबर आत.
चार हिवाळ्यांत
फळीवर तो एकदाही उभा राहिला नव्हता.

नंदन हसला. मी त्याच्या मागे गेले
आणि ढकललं, न सांगता.
डावा पाय.
"रेग्युलर," मी म्हणाले.
त्याला थोडं लागलं असावं.
पण त्याने दोरी बांधली, उतरला,
दहा-बारा हात. मग लिलाव.
कानातून वाळू काढत पुन्हा वर चढला.

माझी इंडी मे महिन्यात जमली.
हवेत मागच्या हाताने
दोन पायांच्या मधोमध, बोटांकडची कड धरायची.
गूफीचा मागचा हात डावा,
तोच, ज्याने आई मला भात वाढू देत नाही.
धरली. सोडायचं विसरले.
ओल्या वाळूवर फळी जागीच थांबली,
मी थांबले नाही,
भरतीच्या पाण्यात तोंडावर.

बस्त्यावने आठवून पाहिलं.
तिकडे पायथ्याशी समुद्र नसतो,
त्यामुळे याला शब्द नव्हता.
"बुडी," जानू म्हणाला,
पागाचा गुंता सोडवत, वर न बघता.
तोच ठेवला.