होकाराची मान

घर घेतलं तेव्हा छपरातून आभाळ दिसत होतं.
कागदावर होतं: दोन खोल्या, तळघर, विहीर.
विहिरीत सायकल होती, हे कागदावर नव्हतं.

ग्रीनॉकमध्ये बावीस वर्षं मी बस चालवली.
हात गिअरचे. थापीशी त्यांची ओळख नव्हती.
जुन्या व्हॅनच्या भावात मिळालेलं हे घर,
बल्गेरियाच्या नकाशावर बोट ठेवलं
तर बोटाखालीच हरवेल अशा गावातलं,
जिथे शाळेला कुलूप
आणि एस्टी म्हणावी अशी बस फक्त मंगळवारी.

मालकिणीची मुलगी व्हॅलेन्सियात संत्री खोक्यांत भरते.
सहीच्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली,
तळघरात आईच्या बरण्या आहेत, जर्दाळूच्या.
त्यांचं काय करायचं ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात भिंती खरवडल्या.
पोपड्यामागे पोपडा: पोपटी, गुलाबी,
मग एक निळा, इतका निळा
की मी खरवडणी खाली ठेवून चहा केला.
त्याच्यामागे माती. भुशासकट.
आणि चुलीच्या वर कुणाची तरी चार बोटं,
ओलं असताना ओढलेली.

शेजारचा रांगेल कुंपणावर कोपर टेकून बघायचा.
मी सिमेंटची गोणी दाखवली, भिंत दाखवली,
शब्दकोशातून एक शब्द उपसून काढला: चांगलं?
त्यानं मान वरखाली केली.
जिभेनं च्यक् असा आवाजही केला,
तो मला कौतुकाचा वाटला.

मग काय, आत-बाहेर सगळीकडे सिमेंट फासलं.
रोज संध्याकाळी तो मान वरखाली करायचा,
रोज संध्याकाळी मला हुरूप यायचा.

हिवाळ्यात नळ गोठला. मी बुटांसकट झोपले.
मार्चमध्ये रात्री तीनला आवाज झाला,
पलंगावरून माणूस पडावा तसा.
उत्तरेची भिंत सिमेंट अंगावेगळं टाकून उभी होती,
आतून ओलीचिंब, तळघराच्या वासाची.

सकाळी रांगेल बायकोला घेऊन आला.
दिम्कानं जर्मनीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा केलेली,
तिथल्या एका स्कॉटिश आजोबांची इंग्रजी तिच्या तोंडात होती.
म्हणाली, हा आठ महिने तुला नाही म्हणतोय.
आमच्यात अशी मान म्हणजे नाही. अशी म्हणजे हो.
भर उन्हाळ्यात रेनकोट घालून बसवलंस तू भिंतीला.

मी ढिगाऱ्यावर बसून दोन्ही माना करून पाहिल्या.
आठ महिने. नव्वद गोण्या.
हसू आलं ते थांबेना, मग दुसरंच काहीतरी आलं,
आणि दिम्का उगाच विहिरीकडे बघत राहिली.

माती अंगणातलीच निघाली.
भुसा रांगेलचा, शेण त्याच्या गाढवीचं.
ऐंशीच्या माणसानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि खड्ड्यात उतरून चिखल तुडवायला लागला.
मी घाई करायचे. तो म्हणायचा, पोलेका.
हा शब्द मला शब्दकोश न उघडता कळला.
तीन दिवस आंबवायचा चिखल. चौथ्या दिवशी हातानं लिंपायचा.
थापी त्यानं माझ्याकडून काढून घेतली,
परत दिलीच नाही.

बरण्या एकतीस निघाल्या.
दिम्कानं एक उजेडात धरली, चिठ्ठीवरचं साल वाचलं,
पदराला पुसावी तशी अॅप्रनला पुसली
आणि होती तिथेच ठेवली.
तळघराची डागडुजी अजून राहिली आहे.
राहू दे.

मोराग, माझी बहीण, दर रविवारी फोन करते.
या रविवारी म्हणाली, झाली तेवढी हौस पुरे,
वरची खोली रिकामी करते, येतेस ना परत?
फोन खिडकीत, माझे हात कोपरापर्यंत मातीत.
मी मान हलवली.
कुठल्या देशातली हलवली ते आत्ताही सांगता येणार नाही.
तिला दिसलीच नाही, ती हॅलो हॅलो करत राहिली.

रांगेलला दिसली.
त्यानं घमेलं माझ्याकडे सरकवलं.